पाठकोरं

2017 च्या दिवाळीला गावी जाताना मी वहिनींसाठी साडी नेली नाही, एक स्पायरल केलेली फाइल नेली. ऐंशी पानं. काटकसर, बचत, गुंतवणूक या विषयांवरचं माझं आवडतं वाचन. इंटरनेटवर चार वर्षं वेचून जमवलेलं, आणि इंग्रजीतलं असेल ते मी स्वतः रात्री जागून मराठीत उतरवलेलं. छपाई ऑफिसच्या प्रिंटरवर, रविवारी जाऊन. काटकसरीचा धडा मी दुसऱ्याच्या कागदावर छापला होता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

वहिनींनी पानं उलटून पाहिली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "पाठकोरी हाईत व्हय सगळी? लई कागद हाय भावजी." मला वाटलं, कष्टांचं कौतुक चाललंय.

त्या दिवसांत मला या विषयानं झपाटलं होतं. विकी रॉबिन आणि जो डोमिंग्वेझ यांचं 1992 सालचं ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ वाचल्यापासून मी प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांऐवजी तासांत मोजत असे. हा शर्ट म्हणजे माझ्या आयुष्याचे सहा तास, असं दुकानात मोठ्यानं म्हणत असे. बायको दोन पावलं लांब उभी राही. अमेरिकेत मेन राज्यातल्या लीड्स गावातून एमी डेसिझिन ही बाई 1990 ते 1996 काटकसरीचं एक पत्रक काढायची, सहा मुलांचा संसार सांभाळून. तिच्या युक्त्या मी भक्तिभावानं वाचल्या. आमची आई दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला किलोवर घालायची, ते मात्र मला कॉलेजात असताना लाजिरवाणं वाटायचं. तीच गोष्ट इंग्रजीतून आली की तत्त्वज्ञान.

सगळ्यांत लाडका लेख होता पीट ॲडनीचा. ‘मिस्टर मनी मस्टॅश’ या नावानं लिहिणारा हा कोलोरॅडोतला माणूस सॉफ्टवेअरची नोकरी करून 2005 मध्ये, तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याचं गणित साधं आहे. कमाईतले किती टक्के वाचवता, यावरच निवृत्तीचं वर्ष ठरतं. दहा टक्के वाचवलेत तर एक्कावन्न वर्षं लागतील, निम्मे वाचवलेत तर सतरा. आणि थांबायचं कधी? वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट साठले की. या पंचवीसपटीचं मूळ बिल बेंगेन या सल्लागारानं 1994 मध्ये केलेल्या हिशेबात आहे. अमेरिकी शेअर आणि रोख्यांचा 1926 पासूनचा इतिहास तपासून त्यानं दाखवलं, की पहिल्या वर्षी पुंजीतले चार टक्के काढले आणि पुढं तेवढेच महागाईप्रमाणे वाढवत नेले, तर पैसे तीस वर्षं पुरतात. ॲडनीचं टक्के आणि वर्षांचं कोष्टक मी फाइलीत अठराव्या पानावर चौकटीत छापलं होतं.

दादानं ते वाचलं. दादा शिरोळ तालुक्यात ऊस करतो, तीन एकर. जेवता जेवता त्यानं विचारलं, "वर्षाचा खर्च म्हणतोस, पण कुठल्या वर्षाचा धरू?"

"सरासरी काढ की," मी म्हणालो.

तो हसला आणि हात धुवायला उठला. त्या प्रश्नाला दिलेल्या माझ्या उत्तराची आजही लाज वाटते. आडसालीचा ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला तर तो रानात सोळा-अठरा महिने उभा असतो. पिकाचं वर्षच बारा महिन्यांचं नाही. तोड कधी येणार ते कारखाना ठरवणार, ऊसतोडीची टोळी ठरवणार. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण त्या आदेशावर विसंबून आमच्याकडे कुणी लग्नाची तारीख काढत नाही. बिल आलं की आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं. उरेल त्यात खतवाला, ट्रॅक्टरवाला आणि मागची उधारी. मला महिन्याच्या शेवटच्या तारखेला पगार जमा झाल्याचा मेसेज येतो. तो मेसेज हा माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा पाया होता.

खरा हट्ट मी धरला तो भिशीवर. आळीतल्या बारा बायका, महिन्याला हजार, दर महिन्याला चिठ्ठी काढून बारा हजार एकीला. हिशेब वहिनींकडे, आणि हिशेब जिच्याकडे तिनं शेवटचा नंबर घ्यायचा, असा त्यांचा रिवाज. मी कागद घेऊन बसलो. पोस्टात आवर्ती ठेव केली असती, सात टक्के धरा, तर वर्षाला साधारण 455 रुपये व्याज मिळालं असतं. म्हणजे वहिनी दर वर्षी 455 रुपये पाण्यात घालत होत्या. हे मी त्यांना पोरांसमोर समजावून सांगितलं. म्युच्युअल फंडात घातले असते तर दहा वर्षांत किती, तेही सांगितलं.

माझ्या या रागाला एक जुनं कारण होतं, ते लपवत नाही. मी शाळेत असताना तालुक्याच्या गावी बाप्यांची एक मोठी लिलावाची भिशी होती. ज्याची गरज जास्त तो कमी रकमेवर उचल घ्यायचा, राहिलेले पैसे बाकीचे वाटून घ्यायचे. चालवणारा एका रात्रीत गाव सोडून गेला आणि आमच्या अण्णांचे आठ हजार बुडाले. अण्णा त्यानंतर त्या रस्त्यानं बाजाराला जात नसत. भिशी या शब्दाशी माझ्या डोक्यात तो रस्ता जोडला गेला होता. तिथं ओळखीपाळखीचे दोनशे लोक होते आणि इथं एका नळावर पाणी भरणाऱ्या बारा बायका, हा फरक मला दिसत होता, पण मोजता येत नव्हता. आणि मोजता येत नाही ते नाहीच, अशी माझी तेव्हाची समजूत.

2018 च्या पाडव्याला नवी भिशी लागली. वहिनी तीत राहिल्या नाहीत. माझ्या शब्दाखातर त्यांच्या नावावर हजार रुपयांची एसआयपी सुरू झाली, दर महिन्याच्या पाच तारखेला. मी पुण्यात चार मित्रांना ही विजयकथा सांगितली.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही एकदम चढल्या. त्या पुराबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी पुन्हा लिहीत नाही. दादाचं घर छातीपर्यंत पाण्यात गेलं, उसाच्या पोंग्यात पाणी शिरून पीक बसलं, जनावरं वेळेत हलवली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर मी आठवडाभर गाळ काढायला गेलो. वहिनींचा फोन भिजून बंद पडला होता. फंडातले पैसे काढायला त्याच नंबरवर येणारा ओटीपी हवा होता, आणि ज्या शाखेत जाऊन काही करता आलं असतं तिच्या काउंटरवरही गाळच होता. ‘केव्हाही काढता येतात’ हे मीच फाइलीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

फाइल कुठं होती? माळ्यावर. त्यामुळं कोरडी राहिली होती. पत्र्याच्या ट्रंकेसोबत खाली उतरवली आणि हात धुऊन मी ती चाळायला बसलो, स्वतःचंच लिखाण वाचायला. पण पान उलटलं तर मागं वहिनींचं अक्षर. पाठकोऱ्या बाजूंवर दोन वर्षांचं घर मांडलेलं होतं: दुधाचा हिशेब, किराणा, पोरांची बेरीज-वजाबाकी. आणि ॲडनीच्या कोष्टकाच्या बरोबर पाठीमागं भिशी. वहिनींनी भिशी सोडली होती, हिशेब सोडला नव्हता. बायकांनी सोडू दिला नव्हता.

अकरा ओळी होत्या. नावं नव्हतीच. गिरणीवाली, शिलाईवाली, खालची गल्ली, मास्तरीणबाई. प्रत्येकीपुढं महिन्याला एक आकडा नव्हता, तीन होते: तीनशे, तीनशे, चारशे. मला आधी कळेना. मग उमजलं. आमच्याकडं दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं. भिशी दुधाच्या चालीनं चालत होती. म्हैस आटली तर त्या रकान्यात फुली, आणि पुढच्या महिन्यात भर.

त्याखाली चिठ्ठ्यांची यादी. अकरापैकी सात ठिकाणी चिठ्ठीत निघालेल्या नावावर काट मारून दुसरं नाव लिहिलेलं. शेजारी एका-दोन शब्दांत कारण. बाळंतपण. फी. मोटर जळली. दवाखाना. एका ठिकाणी, तोड आली न्हाई. म्हणजे चिठ्ठी नावापुरती. जिची निघाली तिला विचारायचं, जिला नड आहे तिला द्यायचं. गावात व्याजानं अकरा हजार शेकडा तीननं मिळतात, महिन्याला 330 रुपये व्याज. एका महिन्याचं. मी वर्षाच्या 455 वर भाषण दिलं होतं.

हे मी वहिनींना विचारलं तेव्हा त्या चुलीशेजारचा गाळ खरवडत होत्या. बोलता बोलता दुसरी गोष्ट निघाली. एसआयपीचे पैसे खात्यात भरायला त्यांना एसटीनं तालुक्याला जावं लागे, कारण दुधाचे पैसे रोखीनं हातात येत. म्हैस आटली त्या वेळी दोन महिने पाच तारखेला खात्यात हजार नव्हते. हप्ता परत गेला. बँकेनं प्रत्येक वेळी 295 रुपये दंड कापला. दोनदाचे 590.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही येवढं हौसेनं करून दिल्यालं," त्या म्हणाल्या. "आन् दादांनी तर फाइल पावण्यांना बी दाखवली."

माझ्या सल्ल्यानं 455 वाचणार होते आणि गेले 590. एसटीचं भाडं मी धरलेलं नाही.

पुढं वाचन थांबलं नाही, दिशा बदलली. सेंधिल मुल्लाइनाथन आणि सहकाऱ्यांचा 2013 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास तेव्हा हाती लागला. तमिळनाडूतले 464 ऊसकरी शेतकरी, तोडणीआधी आणि पैसे हातात आल्यावर, तीच माणसं. तोडणीआधी, ओढगस्तीच्या दिवसांत, बुद्धीच्या चाचण्यांत ती कमी पडली. पैसे आल्यावर तीच माणसं सुधारली. त्या निष्कर्षावर नंतर अभ्यासकांत वादही झाले, म्हणून मी तो वेदवाक्य मानत नाही. पण मी फाइल दिली होती ती दिवाळीत, तोड येण्याच्या आधी, घरातल्या सर्वांत ताणाच्या दिवसांत. आणि वर दादाला म्हणालो होतो, ‘लक्ष देऊन वाच.’

दुसरं, स्टुअर्ट रुदरफोर्ड यांचं गरिबांच्या पैशाबद्दलचं लिखाण. विजयवाड्यातल्या झोपडपट्टीत एक बाई घरोघर जाऊन बचत गोळा करते. कार्डावर 220 चौकोन, रोज पाच रुपये. अकराशे भरले की ती हजार परत देते, शंभर तिची मेहनत. वर्षाच्या हिशेबात हे उणे तीस टक्के व्याज झालं. आधीचा मी हे वाचून हसलो असतो. रोज दाराशी येऊन मागणारं माणूस मिळण्याची ती किंमत आहे, आणि देणाऱ्या बायकांना ती पुरेपूर कळते.

म्हणून मी भिशीचा भक्त झालो असं मात्र नाही. पुरात भिशीही बुडालीच. अकराही घरं एकाच पाण्यात, तर कोण कुणाला देणार? दोन महिने ती बंद राहिली. सगळ्यांवर एकदम येणारं संकट एका आळीला पेलत नाही, त्यासाठी आळीबाहेरचं काहीतरी लागतं, विमा म्हणा, बँकेतली ठेव म्हणा. ते मी दादाला आजही सांगतो, फक्त आधी विचारतो की तुझ्याकडं पैसा कधी येतो. ॲडनीचं गणितही खोटं नाही. पुण्यात माझ्यासारखा पगार घेऊन हप्त्यांत रुतलेल्या कुणी विचारलं तर पहिल्यांदा तोच लेख देतो. न विचारता द्यायचं सोडलं.

त्या नोव्हेंबरात भिशी पुन्हा लागली. पहिला नंबर चिठ्ठीविना, जिची भिंत पडली होती तिला. वहिनी परत आल्या, बारावा नंबर घेऊन. एसआयपी अजून आहे, पाचशेची, तारीख दुधाच्या बिलाला जुळवून घेतलेली. तारीख त्यांनीच सांगितली.

गेल्या दिवाळीआधी त्यांचा फोन आला.

"भावजी, औंदा काय छापलं न्हाईसा व्हय?"

"नाही वहिनी. आता सोडलं ते."

"आवं, असं कसं. फाइल संपत आली की. आफिसातलं जुनं काय बी असूद्या, घिऊन या. वाचाय न्हवं, एका बाजूनं कोरं असलं म्हंजे झालं."