बर्फावरची हद्द

आल्प्स म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे जे टोकदार शिखर उभे राहते, ते मॅटरहॉर्न. उंची 4478 मीटर. आल्प्समधील ते सर्वोच्च शिखर नव्हे. तो मान माँ ब्लांकचा. परंतु हिमनद्यांनी युगानुयुगे चहूबाजूंनी कोरल्यामुळे या पर्वताला चार दिशांना चार कडे आणि त्यांच्या मधून उतरणाऱ्या चार धारदार सोंडा लाभल्या आहेत. माथ्यालाही दोन टोके आहेत. एकाला स्विस माथा म्हणतात, सुमारे शंभर मीटर अंतरावरच्या दुसऱ्याला इटालियन. दुसरा दोन मीटरने बुटका, एवढाच काय तो फरक!

त्याहून नवल पाषाणाचे. माथ्याकडचा खडक मूळचा आफ्रिकेच्या बाजूच्या भूखंडाचा, आणि त्याखाली एका लुप्त महासागराचा तळ. स्थैर्याची उपमा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे, तो पर्वतच असा दुरून सरकत आलेला.

शिखराच्या पूर्वेस सुमारे 3300 मीटर उंचीवर थिओडुल खिंड आहे. रोमन काळातील नाणी तेथे सापडली आहेत. म्हणजे झेरमाटची दरी आणि इटलीतील आओस्ता खोरे यांच्यातील ही जुनी वाट. 1980 च्या दशकात तेथील बर्फातून सुमारे 1600 सालच्या एका वाटसरूचे अवशेष बाहेर येऊ लागले. जवळ तलवार, कट्यार, पिस्तूल आणि नाणी. शस्त्रे पाहून प्रथम त्याला भाडोत्री शिपाई ठरविण्यात आले. पुढे अभ्यासकांना तो सुखवस्तू प्रवासी, कदाचित व्यापारी असावा असे वाटू लागले. मालाबरोबर जिवाचीही राखण करावी लागे, त्या काळी हत्यार हे व्यापाऱ्याचेही साधन होते, हे कोणत्याही जुन्या पेढीच्या घराला वेगळे सांगावयास नको.

खिंडीजवळच्या भागात दोन्ही देशांची हद्द पाणलोटावरून ठरलेली. वितळलेले पाणी ज्या बाजूस वाहील, ती भूमी त्या देशाची. नियम सोपा आणि न्याय्य. पण बर्फ आटला तेव्हा पाणलोटही सरकला. 1984 साली इटलीच्या भूमीवर बांधलेल्या एका पर्वतनिवासाचा दोन तृतीयांश भाग या हिशेबाने स्वित्झर्लंडमध्ये गेला. इमारत जागची हलली नाही. भोजनाची यादी इटालियनमध्ये, दर युरोत. पण जेवणाऱ्याचे ताट कोणत्या देशात? कर कोणाचा, परवाना कोणाचा, हे प्रश्न हसण्यावारी नेता येत नाहीत. ज्याचे दुकान आहे त्यालाच ते कळते.

2018 मध्ये बोलणी सुरू झाली. 2024 च्या सप्टेंबरात स्विस सरकारने नव्या सीमारेषेस मान्यता दिली आणि ती आखताना दोन्ही बाजूंचे आर्थिक हित सांभाळल्याचे सांगितले. फेरफाराच्या जागांत खुद्द मॅटरहॉर्नच्या इटालियन सोंडेवरील कॅरेल निवाराही आहे. रेषा कागदावर आली. वर थिओडुल हिमनदी अजून वितळतेच आहे.