भाड्याच्या घरातला संसार

पुणे

चि. निनाद,


रविवारी फोनवर तू जे बोललास ते तुझ्या मावशीच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. "विमा काढण्यासारखं माझ्याकडे आहे काय? भाड्याचं घर, दोन वर्षांचा प्रश्न!" मागून सूनबाई सायली काहीतरी सांगत होती, तिला तू बोलू दिलं नाहीस. तेही इकडे ऐकू आलं. आणि सगळ्यांत शेवटी, जाता जाता म्हणालास की अपार्टमेंटच्या ऑफिसात दरमहा चौदा डॉलर जादा भरायच्या कागदावर सही करून टाकली, आता तो विषय संपला.

विषय संपलेला नाही, बाळा. ते चौदा डॉलर कशाचे, तो कागद काढून नीट वाच. तिकडे अमेरिकेतल्या मोठ्या संकुलांत भाडेकरूने स्वतःची पॉलिसी दाखवली नाही, तर मालक त्याला आपल्या सामूहिक योजनेत घालतो आणि दर महिन्याच्या भाड्यात त्याचे पैसे लावतो. अशा बहुतेक योजना मालकाच्या नुकसानीपुरत्या असतात. भाडेकरूच्या हातून आग लागली, नळ उघडा राहिला, तर इमारतीचा खर्च त्यातून निघतो. तुझे कपडे, लॅपटॉप, गादी, सायलीची पैठणी यांतलं काही त्यात नसतं. पैसे तू भरायचे आणि छत्री मालकाच्या डोक्यावर! स्वतःची साधी पॉलिसी साधारण एवढ्याच पैशांत, फार तर पाच-सहा डॉलर जास्त देऊन मिळते. हे तू विचारलंस का कुणाला? न वाचता सही करतोस!

स्वतःची पॉलिसी कशासाठी, ते ऐक. तू राहतोस तिथून हडसन नदीच्या काठाकाठाने वर गेलं की एजवॉटर गाव लागतं. २१ जानेवारी २०१५ ला तिथल्या एका भाड्याच्या संकुलात काही कामगार गळका पाइप दुरुस्त करत होते. त्यांच्या हातातल्या ब्लोटॉर्चने भिंतीच्या आतलं लाकूड पेटलं. आधी त्यांनीच विझवायचा प्रयत्न केला आणि अग्निशमन दलाला कळवायला उशीर झाला. लाकडी सांगाड्याची इमारत. आग भिंतींच्या पोकळीतून आणि छताखालून पसरत गेली. नियमाप्रमाणे स्प्रिंकलर होते, पण ते खोल्यांमध्ये. त्या पोकळ्यांमध्ये नव्हते, आणि तेव्हाच्या नियमांनी ते मागितलेही नव्हते. ४०८ पैकी २४० घरं गेली. माणूस एकही दगावला नाही, ही देवाची कृपा. हेच संकुल बांधकाम चालू असताना २००० साली एकदा जळलेलं होतं.

त्या २४० घरांतल्या एकाही भाडेकरूची चूक नव्हती. कुणी ऑफिसात होतं, कुणी मुलांना आणायला गेलेलं. मालकाचा विमा इमारतीचा असतो, भाडेकरूच्या कपाटाशी त्याचा संबंध नसतो. ज्याची चूक त्याच्याकडून भरपाई मागता येते, पण त्यासाठी कोर्टकचेरी, वकील आणि वर्षं लागतात. त्या रात्री झोपायचं कुठे, उद्या कामावर घालायचं काय, औषधं कुठून आणायची, याची उत्तरं त्याच संध्याकाळी लागतात. भाडेकरूच्या पॉलिसीत एक कलम खास यासाठी असतं: घर राहण्याजोगं उरलं नाही, तर हॉटेलचा, दुसऱ्या जागेचा, बाहेरच्या जेवणाचा जो जादा खर्च होईल तो कंपनी देते. लोक टीव्ही-लॅपटॉपची किंमत मोजतात आणि या कलमाकडे बघतही नाहीत. मावशीला विचारशील तर नुसत्या या कलमासाठी हप्ता भरावा.

आता "दोन वर्षांचा प्रश्न". निनाद, हे वाक्य तुझ्या मावशीने विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसून किती तोंडांतून ऐकलंय! बदलीवर आलेले बँकेतले साहेब, हिंजवडीतली नवी जोडपी, जुन्या वाड्यातले पिढीजात भाडेकरू, सगळ्यांचं घर तात्पुरतंच. तुमचं तिकडचं तर विचारूच नये. एच-वन-बी व्हिसा तीन वर्षांचा, मग सहापर्यंत वाढवून मिळतो, पुढे ग्रीन कार्डची रांग, आणि भारतीयांची रांग किती लांब ते तूच सांगत असतोस. त्या रांगेत उभं राहून माणसं लग्न करतात, मुलं होतात, पाळणा येतो, कुकर येतो, आईने दिलेली पितळी समई येते. भाडेकरार वर्षावर्षाचा असतो, पण त्या घरात साठत जाणारा संसार कायमचा असतो. मालकाला भिंती परत बांधून मिळतात. ज्याच्या नावावर भिंती नाहीत त्याचं सगळं भिंतींच्या आत असतं, म्हणून भाडेकरूला विमा मालकापेक्षा जास्त हवा, असं तुझी मावशी नोकरीत असताना म्हणत होती आणि आजही म्हणते.

तुझ्या आजीच्या नारायण पेठेतल्या खोल्या, पुरात गेलेला बंब आणि शिवणयंत्र, हे तुला पुन्हा सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि वाड्यातल्या त्या दोन खोल्यांतलं काय काय गेलं, हे आजी शेवटपर्यंत बोटांवर मोजायची. दर वेळी एखादी वस्तू नव्याने आठवायची. कागदावर कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत क्लेमच्या कामाला गेलेल्या मावशीने हेच पुन्हा पाहिलं. कलिन्यात, कुर्ल्यात तळमजल्यावरच्या माणसांना सर्वेअर विचारायचे, कपाटात काय होतं? माणसं गप्प. रोज हाताळलेल्या वस्तू आठवत नव्हत्या. आठवल्या त्यांची बिलं पाण्यात गेलेली.

म्हणून यादी कर. पॉलिसी घे न घे, यादी आधी कर. फोन हातात धरून दारापासून सुरुवात कर, एकेक खण उघडत, बोलत बोलत चित्रीकरण कर. चपलांचा कप्पा, न्हाणीघरातलं कपाट, पलंगाखालच्या बॅगा. मोठ्या वस्तूंची बिलं आणि नंबर यांचे फोटो काढ, आणि हे सगळं त्या घरात असलेल्या एकाच लॅपटॉपवर ठेवू नकोस. एक प्रत इकडे पाठव. बेरीज झाली की "विमा काढण्यासारखं माझ्याकडे आहे काय?" हे पुन्हा म्हणून दाखव. दोन माणसांच्या साध्या घराची, आज सगळं नव्याने आणायचं म्हटलं तर, वीस-पंचवीस हजार डॉलर सहज होते.

नव्याने आणायचं म्हटलं तर, हे शब्द पॉलिसीत शोध. एका प्रकारात कंपनी घसारा कापून पैसे देते. चार वर्षांचा लॅपटॉप असेल तर हातात जे येईल त्यात नवा येत नाही. दुसऱ्या प्रकारात नव्या वस्तूची किंमत मिळते. हप्त्यातला फरक थोडा असतो. दुसराच घ्यायचा.

आता सोनं. सायलीचे तोडे, मंगळसूत्र, तुझ्या सासूबाईंनी दिलेला हार तिकडे नेलेत ना? नेहमीच्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला बहुधा १,५०० डॉलरची मर्यादा असते, सगळे दागिने मिळून. आजच्या भावाने त्यात फारसं सोनं येत नाही. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे तिकडच्या चोरांनाही ठाऊक आहे. तिकडच्या अनेक राज्यांत आशियाई आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांना हेरून घरं लुटणाऱ्या एका टोळीवर फेडरल खटला चालला आणि तिच्या म्होरक्या बाईला ३७ वर्षांची शिक्षा झाली. दागिने पॉलिसीत एकेक करून वेगळे लिहून घेता येतात, त्यासाठी सोनाराकडून मूल्यांकन लागतं. ते करा, किंवा रोजचं सोडून बाकीचं इकडे पाठवा. बँकेच्या लॉकरमध्ये आहेत म्हणून निर्धास्त राहू नकोस. लॉकरमधल्या वस्तूंना सरकारी ठेव विमा लागू नाही.

आणि समई. गौरी-गणपतीत तुमच्याकडे लावलेली समई व्हिडिओ कॉलवर दिसली, तिच्यामागे पडदा हलत होता. मावशी तेव्हा बोलली नाही, सणासुदीला कशाला म्हणून. आता बोलते. लाकडी इमारतीत, वर-खाली शेजार असताना, पडद्याजवळ उघडी ज्योत ठेवून तुम्ही फोटो काढत होता! घरगुती आगींचं तिकडचं पहिलं कारण स्वयंपाक आहे. तळणीचं तेल गॅसवर ठेवून फोन घ्यायला जायची सायलीची सवयही मावशीने पाहिलेली आहे. तुमच्या हातून आग लागली, तर शेजाऱ्यांच्या नुकसानीला जबाबदार तुम्ही. मालकाची विमा कंपनी मालकाला पैसे देईल आणि मग ते वसूल करायला तुमच्याकडे येऊ शकेल.

यावर तिकडे जुना वाद आहे. ओक्लाहोमात एका दहा वर्षांच्या मुलाने पॉपकॉर्नच्या विजेच्या भांड्यात रसायनं तापवली आणि भाड्याच्या घराला आग लागली. मालकाच्या विमा कंपनीने भाडेकरूवर दावा लावला. १९७५ साली अपील कोर्टाने सांगितलं की भाड्यातूनच मालकाच्या विम्याचा हप्ता जातो, तेव्हा तसा करार नसेल तर भाडेकरूलाही त्या विम्यातला भागीदार समजायचं आणि कंपनीला त्याच्याकडून वसुली करता येणार नाही. पुष्कळ राज्यांनी हे मानलं. काही राज्यं मानत नाहीत, काही करारातला मजकूर बघतात. तुझ्या करारात काय लिहिलंय, ठाऊक आहे तुला? भाडेकरूच्या पॉलिसीत या जबाबदारीसाठी साधारण एक लाख डॉलरचं संरक्षण असतं, थोडे जास्त भरले की तीन लाखांचं मिळतं. तीन लाखांचं घे.

एक गोष्ट ही पॉलिसी करत नाही, ती आधीच ऐकून ठेव. भिंतीतला पाइप फुटून पाणी आलं तर भरपाई मिळते. पुराचं पाणी दारातून आलं तर नाही. भूकंपाचंही तसंच. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर आणि भूकंप मुळातच धरलेले आहेत, आणि भाडेकरूला ती नुसत्या घरसामानासाठी घेता येते. तिकडे पुरासाठी वेगळी, बहुधा सरकारी योजनेची, पॉलिसी घ्यावी लागते. भाडेकरूला सामानासाठी एक लाख डॉलरपर्यंत मिळते, पण ती सुरू व्हायला सहसा तीस दिवस लागतात, म्हणजे वादळाची बातमी आल्यावर धावून उपयोग नाही. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या शेपटाने नेवार्कला एका दिवसात आठ इंचांवर पाऊस पाडला आणि न्यूयॉर्कमध्ये तळघरातल्या भाड्याच्या खोल्यांत माणसं बुडून गेली. तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात म्हणून मावशी पुराचा आग्रह धरत नाही. पण गाडी तळमजल्याखाली लावता ना? गाडीच्या पॉलिसीत पुराचा भाग आहे का, बघ.

सायली पत्नी म्हणून तुझ्याच पॉलिसीत येते. तुमचा पाहुणा किरण मात्र महिनाभर राहायला येणार म्हणालास, त्याचं सामान तुझ्या पॉलिसीत येईलच असं धरून चालू नकोस. त्याने स्वतःची काढावी. तुझा लॅपटॉप कॉफीच्या दुकानातून गेला, किंवा डिसेंबरात इकडे येताना बॅग चोरीला गेली, तरी पॉलिसी लागू असते, पण पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्यावी लागते.

स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म फोडणीच्या वेळी वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवलेली नाही ना? खरं सांग. आणि हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस; तिला आधीच तुमच्या काळजीने रात्रीची झोप लागत नाही.

तुझी,
शैलामावशी

ता. क. नवी पॉलिसी हातात आली की तिचा पहिला कागद ऑफिसात देऊन ते चौदा डॉलर बंद करून घे, लेखी. पॉलिसी ज्या तारखेला सुरू होते ती तारीख आणि त्यांचं शुल्क बंद होण्याची तारीख यांत एक दिवसही रिकामा राहू देऊ नकोस.