बिनखिळ्याची चौकट

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली की अमरावती-मोर्शी रस्त्याला एक निराळीच शोभा येते. उत्तरेकडे सातपुड्याची निळसर रेघ सोबत करीत असते आणि दोहो बाजूंस संत्र्यांच्या बागा आंबिया बहराच्या फळांनी इतक्या वाकलेल्या असतात, की प्रत्येक फांदीखाली बांबूचा टेकू द्यावा लागतो. गेल्या कार्तिकात मी या रस्त्याने एस.टी.ने चाललो होतो. मांडीवर जुन्या धोतरात गुंडाळलेले एक लाकडी व्यासपीठ होते. माझ्या मातोश्री हयातभर त्यावर ग्रंथ ठेवून स्वाध्याय करीत. त्या गेल्यानंतर त्याची एक कडा तुटली. अमरावतीत दोन ठिकाणी दाखविले. दोन्हीकडे एकच उत्तर मिळाले, ‘लोखंडी बिजागरी मारून देतो.’ ते मनाला पटेना. हे व्यासपीठ अखंड एका फळीतून कोरून काढलेले होते. त्यात ना खिळा, ना बिजागरी. ज्या हातांनी ते केले होते त्यांच्या गावी, म्हणजे मोर्शीलाच, ते नेणे भाग होते. आणि मोर्शीला जाण्याचे मी तीस वर्षे टाळीत आलो होतो.

मोर्शी हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. वरुड-मोर्शीचा संत्रा साऱ्या देशाला ठाऊक आहे. महानुभावांचे रिद्धपूर याच तालुक्यात; महाशिवरात्रीला हजारोंची रीघ लागते ते सालबर्डीही येथलेच. सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयास ‘नल-दमयंती सागर’ असे सुंदर नाव आहे. आज अमरावती शहर ज्या पाण्यावर जगते ते येथूनच येते. आपण तोटी उघडतो तेव्हा त्या पाण्याखाली कोणाची अंगणे आहेत याचा विचार सहसा मनात येत नाही. माझ्या मनात तो येतो, कारण ती अंगणे रिकामी होत असताना मी तेथे होतो.

१९८८ साली बँकेच्या मोर्शी शाखेत कृषी व लघुउद्योग कर्जांचे काम पाहण्यासाठी माझी नेमणूक झाली. एम.कॉम.ची पदवी आणि ताळेबंद वाचण्याचा अभिमान एवढेच भांडवल माझ्याजवळ होते. बाजारपेठेच्या मागील गल्लीत एका वाढयाचा सुतारखाना होता. वऱ्हाडात सुताराला ‘वाढई’ म्हणतात. तोंडावर मात्र सर्व जण त्याला ‘मिस्त्री’च म्हणत. आपल्या व्यापारी घरांशी त्याचा जुना संबंध होता. पेढीवरील कप्प्यांचा गल्ला, मुनीमजींचे उतरत्या झाकणाचे मेज, ओसरीवरची बंगई, मंदिरातील चौरंग, ही सारी त्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या हातची. आपण ‘लक्ष्मीचे स्थान’ म्हणून गल्ल्याला हळदकुंकू वाहतो. तो घडविणाऱ्याचे स्मरण क्वचितच करतो.

अक्षय तृतीया जवळ आली की त्या सुतारखान्याचे रूप पालटे. पंचक्रोशीतील शेतकरी वखर, डवरा, तिफन दुरुस्तीस घेऊन येत. बाभळीच्या ओंडक्यांवर बसून पाऊसपाण्याच्या, सोयरिकीच्या गोष्टी चालत. ज्याला घाई असे त्याच्या हाती मिस्त्री स्वतःचा रंधा देई आणि शेजारी उभा राहून कसा धरायचा ते सांगे. इतर गावांचे वाढईही येत. तिफनीचा किंवा चौकटीचा नवा फर्मा त्याने तयार केला, की तो भिंतीला टांगलेला असे. ज्याला हवा त्याने त्यावरून आखून न्यावा. मला याचे नवल वाटे. मी एकदा म्हणालो, ‘मिस्त्री, असे केलेत तर तुमचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल.’ तो हसून म्हणाला, ‘सायेब, फर्मा पेटीत ठेवला तं त्याले वाळवी लागते. भितीले टांगला तं चार घरं उभी राह्यते.’ माझ्या वाणिज्यशास्त्रात हे प्रमेय नव्हते.

त्याच काळात धरणाचे काम पुढे सरकत होते आणि बुडित क्षेत्रातील गावे उठू लागली होती. मोबदल्याचे धनादेश घेऊन माणसे शाखेत येत. आम्ही त्यांना मुदत ठेवींचे महत्त्व समजावीत असू. गावी मात्र त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा होता. घरे कवेलूंची, मातीच्या भिंतींची. माती तेथेच राहणार. पण सागाचे खांब, तुळया, दारांच्या चौकटी यांचे काय? ठेकेदार पडेल त्या भावात लाकूड उचलायला टपलेले होते.

मिस्त्री त्या गावांत जाऊ लागला. जुन्या घरांचे लाकूडकाम खिळ्यांवर उभे नसते. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढतात, दुसऱ्यात त्याच मापाचे भोक पाडतात, आणि दोन्ही बसली की आरपार लाकडी मेख ठोकतात. मेख काढली की सांधा सुटतो. पुन्हा ठोकली की पूर्ववत बसतो. खिळा मारलेले लाकूड उपटताना चिरते, कुसवाचे लाकूड शंभर वर्षांनीही अंग मोकळे करून उतरते. त्याने तरुणांना गोळा करून हे शिकविले: आधी कवेलू उतरवा, मग तुळया, शेवटी चौकट, आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांवर पटाशीने सारखीच खूण करा. एक रेघ, दोन रेघा, फुली. म्हणजे नव्या जागी कोणते लाकूड कोणाचे जोडीदार हे शोधावे लागणार नाही. ज्याला जमले त्याने मजुरी दिली. बहुतेकांकडून त्याने ज्वारीची पायलीच घेतली. उमरावतीचे कपाशीचे बाजारभाव तोंडपाठ असणारा मी हा हिशेब मांडू शकलो नाही.

या कामासाठी त्याला रंधायंत्र घ्यायचे होते आणि थोडा माल भरायचा होता. बारा हजार रुपयांचा अर्ज घेऊन तो माझ्यासमोर बसला. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशभरातील विकासगटांत लागू होता. पण दारिद्र्यरेषेच्या यादीत त्याचे नाव नव्हते. म्हणून मी जामीनदार आणि तारण मागितले. जागा भाड्याची, शेत नाही, सोने नाही. ‘मग तुमच्यासाठी कोण उभे राहील?’ असे मी विचारले. तो म्हणाला, ‘सायेब, ज्या घरायच्या चौकटी म्या उभ्या केल्या, ते समदे माह्यासाठी उभे राह्यतीन.’ विस्थापितांना जामीनदार म्हणून लिहायला माझ्या नमुन्यात रकाना नव्हता. मी ‘पुरेशा तारणाअभावी’ असा शेरा मारला. नियमास धरूनच होते ते. पण शिफारशीसह वरिष्ठांकडे पाठविण्याची मुभा मला होती, आणि मी ती वापरली नाही. ठेवींचे उद्दिष्ट पुरे होत होते. एका वाढयासाठी टिपण लिहिण्याचा आळस मी केला, एवढेच सत्य आहे.

आठवडाभराने तो घरी आला. आईने सांगितलेले व्यासपीठ तयार झाले होते. त्याने ते उघडून, मिटून दाखविले. दोन्ही पाने एकमेकांत अडकलेली, बोटांत बोटे गुंफावीत तशी. आईने ठरल्यापेक्षा जास्त पैसे पुढे केले, तर त्याने ठरलेलेच घेतले. मला रामराम केला आणि गेला. त्याने राग दाखविला असता तर मी पुढे मोर्शीला गेलो असतो.

आपल्या परंपरेने या विषयाचा विचार सोपा केलेला नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, शकटकर्मही आहे. म्हणजे जंगल तोडण्याचा आणि गाड्या घडविण्याचा धंदा. लाकडाच्या व्यवसायात जीवहिंसा आहे, ही जाणीव आपल्या आचार्यांना पुरेपूर होती. परंतु भगवान ऋषभदेवांनी मानवास जी सहा कर्मे शिकविली, त्या असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प यांत आपले वाणिज्य आणि वाढयाचे शिल्प एकाच पंक्तीला बसलेले आहेत. उपासकदशांग सूत्रातील दहा आदर्श श्रावकांत सद्दालपुत्र हा कुंभार आहे. सर्वस्वाचा त्याग केलेल्या दिगंबर मुनिराजांच्या हाती लाकडी कमंडलू असतो. श्वेतांबर साधु-साध्वींची गोचरीची पात्रेही लाकडाचीच. कारंजा येथील काष्ठासंघ मंदिरातील लाकडी कोरीव काम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना वेगळे सांगणे नलगे. आणि उभे झाड न तोडता, उतरविलेल्या लाकडाला दुसरा जन्म देणारा तो मिस्त्री कर्मादानाच्या किती जवळ होता आणि अहिंसेच्या किती, हा हिशेब मी वाचकांवर सोडतो.

मोर्शीच्या बसस्थानकावर उतरून मी ती गल्ली शोधली. गावातून आता नरखेड-बडनेरा रेल्वेमार्ग जातो, बाजार वाढला आहे. सुतारखाना तेथेच होता. मिस्त्री नऊ वर्षांपूर्वी गेला. मुलगा काम पाहतो. दुकानात प्लायवूड, लॅमिनेटचे तावही होते; पोट त्यावरच चालते असे तो म्हणाला. एके काळी संत्र्यांसाठी लाकडी पेट्यांचे मोठे काम असे, ते प्लास्टिकच्या कॅरेटने बरेच नेले. बैलगाड्या गेल्या, त्यांच्यासोबत चाकांचे कामही गेले. पण भिंतीवर फर्मे टांगलेले होते. जुने सागाचे आणि नवे प्लायवूडचे. आणि आतील बाजूस तीन मुले कुसू काढण्याचा सराव करीत होती. ती त्याची नोकर नव्हती. दर रविवारी आसपासच्या गावांतून शिकायला येत.

मी व्यासपीठ त्याच्या हाती दिले. त्याने उलटून पाहिले, कडेवर अंगठा फिरविला आणि म्हणाला, ‘बाबाचं काम हाय.’ मी माझे नाव सांगितले, बँकेचे सांगितले, आणि त्या अर्जाचेही सांगितले. तो क्षणभर थांबला. ‘काकाजी, बाबा घरी त्याच्याबद्दल काही बोलले नाही. पण यंत्र आलं होतं.’ कसे, ते त्याने संध्याकाळी मोटारसायकलवर मागे बसवून एका पुनर्वसित गावी नेऊन दाखविले.

सिमेंटच्या भिंतीत एक जुनी सागाची चौकट बसविलेली होती. तिच्या बाहीवर, गणेशपट्टी जिथे मिळते तिथे, दोन रेघा आणि एक फुली. घरच्या आजींनी चहा ठेवला. त्या सांगत होत्या: मिस्त्रीला बँकेने ‘नाही’ म्हटले हे कळले, तेव्हा प्रत्येक घराने उरलेल्या लाकडातील एकेक तुळई त्याच्या दारी नेऊन टाकली. कोणी नोंद केली नाही. त्यांतून केलेली कामे विकून त्याने जुने रंधायंत्र घेतले. मी ज्यांना जामीनदार म्हणून लिहून घेऊ शकलो नाही, ते खरोखरच उभे राहिले होते. जीवांनी परस्परांस उपकारक व्हावे, हा तत्त्वार्थसूत्रातील विचार मी जैन प्रतीकाखाली शेकडो वेळा वाचला आहे. त्या चौकटीसमोर तो मला प्रथमच दिसला. मी मुलाची क्षमा मागितली. पर्युषणानंतर आपण सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. ज्याचे खरोखर देणे लागतो त्याला म्हणताना मात्र जीभ जड होते. तो म्हणाला, ‘चहा घ्या काकाजी, थंडा होते.’

दुसऱ्या दिवशी मी एक काम केले, जे मला येत होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत सुतारकाम आहे. पहिले कर्ज १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडावयाचे. ते फिटल्यावर २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांसाठी. व्याज ५ टक्के, तारण नाही. अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. मुलाला हे ऐकून ठाऊक होते, पण कागदांना तो भीत होता. आम्ही सेवा केंद्रात जाऊन नोंदणी केली आणि दुकानाचा जमाखर्च एका वहीत मांडून दिला. पुढे काय होते ते पाहू. यावेळी शेरा माझ्या हाती नाही. टिपण मात्र मी पूर्ण लिहिले.

वाचकांपैकी अनेकांचे जुने वाडे, पेढ्या आज ना उद्या पाडल्या जाणार आहेत. एक विनंती करतो. यंत्र बोलावण्यापूर्वी एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा. त्याला सांधे पाहू द्या, मेखा काढू द्या, खुणा करू द्या. ते लाकूड कबाडात घालण्याऐवजी नव्या घराचे एक तरी दार त्याचे करा. त्याची मजुरी ज्या दिवशी काम संपेल त्याच दिवशी द्या. त्याच्याकडे आपल्यासारखी उधारीची वही नसते. आणि घरातील एखाद्या मुलाला तो काम करीत असताना जवळ बसू द्या.

व्यासपीठ दुरुस्त होऊन घरी आले आहे. तुटलेल्या कडेवर त्याने जुन्या तुळईचा तुकडा इतका नेमका बसविला आहे, की रंगाचा फरक नसता तर जोड कळला नसता. बिजागरी नाही, खिळा नाही. खालच्या अंगाला, सहज दिसणार नाही अशा जागी, पटाशीने कोरलेली एक छोटी फुली आहे. रोज सकाळी ग्रंथ उघडण्यापूर्वी मी तिच्यावर बोट ठेवतो.