वाढप्याचा मोठेपणा

ख्रिस्ती धर्मविचारात ‘थोर’ कोणाला म्हणावे, याचा शोध घेऊ लागले की पहिली अडचण भाषेचीच येते. ‘सेवक’ हा शब्द मराठीत आता प्रतिष्ठेचा झाला आहे. लोकसेवक, समाजसेवक, जनसेवक अशी त्याची रूपे फलकांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर आदराने छापली जातात, आणि त्यामुळे ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सर्वांचे सेवक व्हावे, ही येशूची शिकवण मराठी कानाला सौम्य, जवळजवळ औपचारिक वाटते. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या उत्तरार्धात, या ठिकाणी जे दोन शब्द येतात त्यांना असा कोणताही मान नव्हता. त्यांपैकी ‘दियाकोनोस’ म्हणजे पंगतीत वाढणारा, हाताखालची कामे करणारा माणूस, आणि ‘दूलोस’ म्हणजे तर मालकाच्या मालकीचा गुलाम. ‘सेवक’ या शब्दाच्या जागी ‘वाढपी’ आणि ‘गुलाम’ हे शब्द ठेवून पाहिले, तरच त्या शिकवणीने शिष्यांना किती अवघडल्यासारखे झाले असेल याची कल्पना येते.

ही शिकवण ज्या प्रसंगांतून निघाली ते प्रसंगही फारसे पवित्र नाहीत. मार्ककृत शुभवर्तमानात येशूचे शिष्य वाटेने चालताना आपल्यात मोठा कोण यावर वाद घालतात आणि कफर्णहूमला पोहोचल्यावर वाद कशाचा होता असे विचारले असता गप्प राहतात. पुढे जब्दीचे पुत्र याकोब आणि योहान हे येशूच्या गौरवाच्या दिवशी त्याच्या उजव्या आणि डाव्या हाताची आसने स्वतःसाठी राखून मागतात, आणि उरलेले दहा जण चिडतात, ते बहुधा मागणी अयोग्य होती म्हणून नव्हे, तर ती आपल्या आधी झाली म्हणून. मत्तयकृत शुभवर्तमानात हीच मागणी त्या दोघांची आई करते, आणि प्रेषितांची थोडी लाज राखण्यासाठी हा बदल झाला असावा असे अनेक अभ्यासकांना वाटते. लूकने मात्र कोणाचीच लाज राखलेली नाही. त्याच्या शुभवर्तमानात मोठेपणाचा हा वाद शेवटच्या भोजनाच्या मेजावर, येशूच्या अटकेला काही तासच उरले असताना होतो.

कफर्णहूमच्या प्रसंगात येशू एका बालकाला मध्ये उभे करतो. या बालकाकडे पुढच्या काळाने निष्पापतेचे चित्र म्हणून पाहिले, आणि त्या भाबडेपणात मूळ प्रसंगाची धार बोथट झाली. रोमन सत्तेखालच्या त्या जगात मूल हे सर्वप्रथम दर्जा नसलेले, ज्याचे म्हणणे कोठेही मोजले जात नाही असे माणूस होते. ग्रीक भाषेत ‘पाइस’ हा शब्द मुलासाठीही वापरत आणि घरातल्या नोकरासाठीही. मार्कने योजलेला शब्द त्याचेच लघुरूप आहे. हा दुहेरी अर्थ समजायला मराठी वाचकाला कोशात जावे लागत नाही, कारण हॉटेलात टेबल पुसणाऱ्याला मारली जाणारी ‘पोऱ्या’ ही हाक त्याच्या ओळखीची असते. असा पोऱ्या मध्ये उभा करून, त्याचे जो स्वागत करतो तो माझे स्वागत करतो, असे सांगणे म्हणजे मोठेपणाची मोजपट्टीच उलटी धरणे होते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो, आणि तो हलका नाही. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याने १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या नीतीच्या वंशावळीवरील ग्रंथात ख्रिस्ती नीतीला गुलामांची नीती ठरवले. दुर्बळांनी आपल्या असहायतेला सद्गुणाचे नाव दिले, असा त्याचा रोख होता. त्याच्या उलट बाजूनेही तक्रार करता येते, आणि ती अधिक बोचरी आहे: जी स्त्री आयुष्यभर पंगत वाढतेच आहे किंवा जो गडी पिढ्यान्‌पिढ्या चाकरीच करतो आहे, त्याला सेवेत थोरवी आहे असे सांगणे म्हणजे त्याच्या पायातली बेडी चकाकवून देणे नव्हे काय? उपदेशाचा असा वापर झाला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि शुभवर्तमानातील हे बोल कोणाला उद्देशून आहेत, हे पाहिले की चित्र बदलते. ते उजव्या-डाव्या आसनांची मागणी करणाऱ्यांना सांगितलेले आहेत, गुलामाला नव्हे. ज्यांच्यावर सेवा लादलेली होती त्यांच्याशी येशूचे वागणे वेगळे आहे. त्यांना तो उठवतो, स्पर्श करतो, मेजावर आपल्याबरोबर बसवतो. खाली उतरण्याची आज्ञा त्यालाच आहे, ज्याच्याजवळ उतरण्याजोगी पायरी आहे. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले असे म्हटले आहे, आणि ‘केनोसिस’ म्हणजे आत्मरिक्तता ही धर्मशास्त्रातील संज्ञा त्यावरूनच रूढ झाली. परंतु जे मुळात भरलेले आहे तेच रिक्त करता येते, ही गोष्ट त्या शब्दातच गृहीत आहे.

उतरणेही मात्र सोंग होऊ शकते. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची हकीगत योहानकृत शुभवर्तमानात आहे, आणि तिच्या स्मरणार्थ पवित्र आठवड्याच्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी ख्रिस्ती जगात रूढ झाला. व्हिएन्नाच्या राजवाड्यात सम्राट फ्रान्झ जोझेफ दरवर्षी १२ गरीब वृद्धांचे पाय धूत असे. दरबार तो सोहळा पाहत असे, आणि दुसऱ्या दिवशी सम्राट सम्राटच असे व वृद्ध वृद्धच. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात आपल्या मठांसाठी घालून दिलेल्या नियमांत हेच काम मठवासीयांच्या आठवड्याच्या पाळीत बसवले होते: आठवडाभर स्वयंपाकघर सांभाळणाऱ्याने शनिवारी भांडी स्वच्छ करून परत द्यायची आणि सर्वांचे पाय धुवायचे. खरकट्या भांड्यांशेजारी आलेले हे पाय धुणे सम्राटाच्या सोहळ्यापेक्षा मूळ प्रसंगाच्या अधिक जवळ वाटते. पदवीचेही असेच होऊ शकते. पहिला ग्रेगरी हा ५९० ते ६०४ या काळातील पोप, इतिहासाने ज्यांना ‘महान’ म्हटले अशा मोजक्या पोपांपैकी एक. कॉन्स्टँटिनोपलच्या प्रमुख धर्मगुरूने विश्वव्यापी अधिकार सुचवणारी पदवी लावल्यावर त्याने तिला कडाडून विरोध केला, आणि स्वतःसाठी ‘देवाच्या दासांचा दास’ हे बिरुद वापरले. ते बिरुद पुढे पोपच्या पदव्यांपैकीच एक होऊन बसले, यातला विरोधाभास ग्रेगरीलाही कदाचित हसू आणणारा ठरला असता.

खाली उतरण्याची किंमत कधीकधी उतरणारा भरत नाही, त्याचे घर भरते, याची नोंद मराठी साहित्याने ठेवली आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा हात सढळ होता आणि त्या सढळपणाने होणारी घरातील ओढाताण पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येत असे. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ती त्यांनी कडवटपणाशिवाय, पण काहीही न लपवता सांगितली आहे. नवऱ्याच्या थोरवीवर प्रेमही करायचे आणि तिचा हिशेबही ठेवायचा, ही लक्ष्मीबाईंची रीत पुष्कळशा संतचरित्रांपेक्षा प्रामाणिक आहे.

या सर्व कसोट्यांना महाराष्ट्रात सर्वांत पुरेपूर उतरलेले जीवन पंडिता रमाबाईंचे दिसते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्या अवघ्या २० वर्षांच्या होत्या. उतरायला उंची होती. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठातील भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांमध्ये कशा काम करतात हे त्यांनी पाहिले, आणि १८८३ साली तेथेच बाप्तिस्मा घेतला. पण नम्रता म्हणजे मान तुकवणे असे त्यांनी कधीही मानले नाही. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असा आक्षेप हिंदुस्थानातील बिशपांनी घेतला तेव्हा त्यांनी तो मुकाट्याने स्वीकारला नाही, आणि श्रद्धेच्या बाबतीतही चर्चच्या शब्दापेक्षा स्वतःची सदसद्विवेकबुद्धी प्रमाण मानली. ज्यांनी त्यांना धर्मात आणले त्यांनाच त्या हट्टी वाटू लागल्या. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदासदन काढले, १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली-बायका आणल्या, आणि पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे केले, जेथे अंध स्त्रियांसाठीही जागा होती आणि ‘पतित’ म्हणून नाकारलेल्यांसाठीही.

तथापि त्यांच्या थोरवीची खूण धर्मशास्त्राच्या दृष्टीने आणखी एका, कमी बोलल्या जाणाऱ्या कामात आहे. बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या स्त्रीला कळत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण ग्रंथ साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा रोष पत्करून मुलीपर्यंत पोहोचवलेले संस्कृत पांडित्य वाक्यावाक्यातून मागे सारायचे, जड शब्द सुचला की तो खोडून घरगुती शब्द शोधायचा, अशी ही विद्वत्तेची आत्मरिक्तता होती. आणि ज्ञान तेवढेच ठेवून त्याचा दिमाख उतरवणे हे मुळात ज्ञान नसण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते, आणि केडगावच्या छापखान्यात त्याच्या छपाईत मुक्तिसदनातल्याच स्त्रियांचे हात होते. त्यांच्यातल्या कित्येकींना अक्षरओळख तेथेच झाली होती.