वाटीभर साखर

आमच्या घरात शुगर आहे. सुई टोचते ती एकट्या यांना, पण कोणी विचारलं तर ‘आम्हाला शुगर आहे’ असंच तोंडातून निघतं. घरची बोली उर्दू. तिच्यात ‘हम’ म्हणजे एकटा माणूसही असतो आणि सगळं घरही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवताना मुलांना एकवचन-अनेकवचन आम्ही नीट समजावतो. स्वतःबद्दल लिहायला बसलं की ते सांभाळता येत नाही. तेव्हा इथं ‘आम्ही’ म्हणजे कधी नवरा-बायको, कधी मुलीसकट तिघं आणि कधी आम्ही एकट्याच, हे वाचकांनी समजून घ्यावं.

यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. गाव उसाचं. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकऱ्याला ती आजच्या आज हवी असते, कारण पीक उद्यापर्यंत थांबत नाही. उन्हाळ्यात तर दुपारचा डबा चारला उघडायचा, कधी तसाच भरलेला घरी यायचा. नऊ वर्षं गोळ्यांवर निघाली. मग गोळ्या पुरेनात आणि चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन लिहून दिलं.

त्या दिवशी घरात मय्यत झाल्यासारखी शांतता होती. नणंदबाई फोनवर रडल्या. इन्शुलिन म्हणजे शेवटची पायरी, हे आपल्याकडे पक्कं बसलंय. शिवाय सासऱ्यांची आठवण. त्यांच्या काळात इन्शुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, आणि बाटलीत नेमकं कशातलं आहे या विचाराने त्यांनी कितीतरी महिने ते घेतलंच नव्हतं. आता तसं राहिलेलं नाही. प्रयोगशाळेत जीवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्शुलिन अमेरिकेत 1982 सालीच मंजूर झालं, आणि आज दुकानात मिळतं ते बहुतेक सगळं याच प्रकारचं किंवा त्यात थोडा बदल करून बनवलेलं असतं. डॉक्टरांनी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि यांच्या मनावरचं ओझं उतरलं. कोणाच्या घरात अजून ही शंका असेल तर निःशंकपणे डॉक्टरांना विचारावी. मनात ठेवून डोस चुकवू नये.

डॉक्टरांनी साखर मोजायचं यंत्र घ्यायला लावलं आणि आकडे वहीत लिहायला सांगितले. वही म्हटल्यावर आमचा हात शिवशिवला. शंभर पानी वही आणली, रकाने आखले, तारीख, वेळ, आकडा, शेरा. शेऱ्याचा रकाना आमचा. आकडा चांगला आला की बरोबरची खूण, दोनशेच्या वर गेला की लाल पेनाने गोल. खाली ‘काय खाल्लं?’ असा प्रश्न. वीस वर्षं वह्या तपासून हात तसा वळलाय, त्याला काय करणार. हे त्या वहीकडे बघायचे आणि गप्प बसायचे.

घरातली साखरही आम्ही काढून टाकली. डबा धुऊन त्यात रवा भरला. मुलगी बिनसाखरेचा चहा पिऊन तोंड वाकडं करायची. आम्हाला वाटायचं, केवढी शिस्त आणली घरात!

तरी आकडे काही सरळ येईनात. सकाळी 118, संध्याकाळी 312. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तोच डोस आणि आकडा 90. एकदा 340 आला म्हणून आम्ही घर डोक्यावर घेतलं. नंतर मुलीच्या लक्षात आलं, अब्बूंनी आंबा चिरून दिला होता आणि हात न धुताच बोट टोचलं होतं. बोटाला लागलेली साखर यंत्राने रक्तातली म्हणून मोजली. साबणाने हात धुऊन पुन्हा बघितलं तर 176.

पुढे एकदा चार दिवस आकडा तीनशेच्या खाली येईना. आम्ही खाण्यावर संशय घेतला. कारण निघालं सिरिंज. आमची इन्शुलिनची बाटली एका मिलिलिटरला 40 युनिटची. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. औषधाच्या दुकानातून त्या वेळी नारिंगी टोपणाच्या आल्या होत्या, त्या 100 युनिटवाल्या इन्शुलिनच्या. त्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर आमच्या बाटलीतलं जेमतेम 8 युनिट अंगात जातं. उलटी चूक झाली असती, म्हणजे 100 वालं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं असतं, तर अडीचपट डोस गेला असता. तेव्हापासून बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दुकानातच, उभ्याउभ्या ताडून घेतो. दुकानदार कंटाळतो. कंटाळू दे.

पण खरा घोळ वेगळाच होता आणि तो आम्हाला दीड वर्ष दिसला नाही.

साखर नुसती वर जात नव्हती, खालीही येत होती. दुपारी डबा राहिला की दुकानात यांचे हात थरथरायचे, घाम फुटायचा, कॉइल भरताना फेरे मोजायचे चुकायचे. एकदा जुन्या गिऱ्हाइकाच्या अंगावर विनाकारण ओरडले, आणि हा माणूस कधी आवाज न चढवणारा. मग समोरच्या गाड्यावरून जिलेबी मागवायची, पाव किलो संपवायची आणि कामाला लागायचं. संध्याकाळी घरी येऊन बोट टोचलं की आकडा तीनशे. वहीत तोच लिहिला जायचा. दुपारची थरथर वहीत नव्हती, जिलेबीही नव्हती. आम्ही लाल गोल काढायचो. डॉक्टर वही बघायचे, त्यांना दिसायचे फक्त वरचे आकडे, आणि ते डोस दोन-दोन युनिटांनी वाढवायचे. त्यांचं काय चुकलं? डोस वाढला की दुपारी साखर आणखी खाली, मग आणखी जिलेबी.

तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, जिला एचबीएवनसी म्हणतात, ती दर वेळी फार वाईट येत नव्हती. पहिल्या चाचणीत 90 आणि दुसरीत 30 मिळवणाऱ्या पोराची सरासरी 60 निघते, आणि प्रगतिपुस्तकात पोरगं ठीक दिसतं. हे आम्हाला शाळेत कळत होतं, घरात सुचलं नाही.

लपवलं का, हे नंतर यांनी सांगितलं. एक तर मोटारसायकलची चावी आम्ही काढून घेऊ ही भीती. आणि दुसरं म्हणजे ती वही. म्हणाले, “या वयात लाल पेन नको वाटतं गं.”

डिसेंबरातली गोष्ट. पुतण्याच्या निकाहाची दावत होती. साडेसातला घरी इंजेक्शन घेऊन निघालो, जेवण आठला सांगितलं होतं. दस्तरख्वान बसायला दहा वाजले, आणि घरचं कार्य म्हणून हे वाढण्यात गुंतले. पाहुणे जेवल्यावर दोन घास खाऊन उठले. घरी येऊन झोपलो.

रात्री अडीचला जाग आली ती उशी ओली लागली म्हणून. यांचं अंग घामाने भिजलेलं, थंड. हाक मारली तर काहीतरी पुटपुटले, उर्दू नाही, मराठी नाही. हलवलं तर हात झटकला. मुलीने यंत्र आणलं. आकडा 38.

आम्ही स्वयंपाकघरात धावलो. डबा उघडला, त्यात रवा. दुसरा उघडला, त्यात डाळ. घरात चमचाभर साखर नव्हती. गूळ नाही, मध नाही, सरबताची बाटलीसुद्धा कोणाला तरी देऊन टाकलेली. मधुमेही माणसाचं घर म्हणून अभिमानाने केलेली ती सफाई त्या क्षणी अंगावर आली.

शेजारच्या काकूंचं दार वाजवलं. केस मोकळे, ओढणीही नीट नव्हती. त्या घाबरून म्हणाल्या, “काय झालं बाई?” आम्ही म्हटलं, “साखर द्या.” त्यांनी एक शब्द न विचारता वाटी भरून दिली आणि मागोमाग आल्या. पाण्यात साखर विरघळवून चमच्याने पाजली. हे अर्धवट जागे होते, घोट गिळत होते, म्हणून पाजता आली. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनळीत जातं. तेव्हा सरळ दवाखाना गाठायचा. वीस मिनिटांनी यांनी डोळे उघडले आणि काकूंना बघून विचारलं, “तुम्ही केव्हा आलात?” मुलगी तोवर रडली नव्हती, तेव्हा रडली.

सकाळी तिघंही डॉक्टरांकडे गेलो. यांनी सगळं सांगितलं, जिलेबीसकट. डॉक्टर रागावले नाहीत. आमचं इन्शुलिन मिश्र प्रकारचं, त्यातला थोडा भाग लगेच काम करतो आणि मोठा भाग सावकाश. संध्याकाळचा डोस रात्री उशिरापर्यंत साखर उतरवत राहतो, आणि पोटात जेवण नसेल तर उतरायला साखर शिल्लकच नसते. मग त्यांनी यांना शर्ट वर करायला सांगितला. बेंबीच्या डाव्या बाजूला लिंबाएवढा मऊ उंचवटा. दीड वर्ष रोज दोनदा तिथेच टोचलेलं, कारण तिथे दुखायचं नाही. एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखाली चरबीची अशी गाठ होते, आणि तिच्यात गेलेलं इन्शुलिन एक दिवस अडकून बसतं, एक दिवस भराभर सुटतं. तोच डोस, तेच जेवण आणि वेगळा आकडा, याचं निम्मं उत्तर त्या गाठीत होतं. आम्ही ती कधी पाहिली नव्हती. वही रोज बघत होतो, पोट नाही.

डॉक्टरांनी डोस आधी कमी केला, कारण चांगल्या जागी टोचल्यावर तेच इन्शुलिन पुरेपूर लागू होतं. पोटाचे चार भाग करायचे, दर आठवड्याला एक, आणि दोन टोचण्यांत निदान बोटभर अंतर. गाठीला हात लावायचा नाही. जेवण समोर आल्याशिवाय इंजेक्शन घ्यायचं नाही, मग दावत कोणाचीही असो. आकडा 70 च्या खाली आला की तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. जिलेबीत तूप, ती साखर रक्तात उशिरा पोहोचते. तोवर माणूस घाबरून खातच सुटतो. सावरल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर एखादी चपाती खायची. डोसचे आमचे आकडे इथं लिहीत नाही, ते ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावेत.

घरी येऊन नवी वही केली. पेन्सिलीने लिहायची, आणि लिहितात ते हेच. शेऱ्याच्या रकान्यात आता ‘डबा साडेतीनला’, ‘बोअरची मोटर उचलली’, ‘हात कापले’ असं असतं. आम्ही वाचतो. पहिले काही आठवडे बोलायचं नाही हे फार जड गेलं, खोटं कशाला सांगा. दुकानातल्या पोऱ्याला मुलीने शिकवून ठेवलंय, उस्ताद चिडचिड करायला लागले की आधी ग्लुकोजचा डबा पुढे करायचा, मग कारण विचारायचं. आकडे अजून वर-खाली होतात. पण आता बहुतेक वेळा का ते सांगता येतं.

त्यानंतरच्या रमजानमध्ये डॉक्टरांनी रोजे ठेवायला साफ मनाई केली. आजारी माणसाला सूट कुरआननेच दिली आहे, फिद्या देता येतो, हे यांना ठाऊक होतं. तरी दुपारचा डबा दुकानाचं अर्धं शटर ओढून खायचे. ज्याने आयुष्यात एक रोजा सोडला नाही त्याला सूट घेणंही सोपं नसतं. पुढच्या वर्षी, महिनाभर आधी जाऊन विचारल्यावर, डॉक्टरांनी डोस नव्याने बसवून आठवड्यातून दोन रोजे ठेवून बघायला परवानगी दिली. अट एकच: दिवसातून चार वेळा मोजायचं, आणि 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेलं की रोजा तिथेच सोडायचा, मगरिबला पाच मिनिटं उरली असली तरी. बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, हे आमच्या मशिदीतल्या मौलानांना आधीच विचारून घेतलं होतं.

पहिले तीन रोजे नीट पार पडले. चौथ्याला आम्ही शाळेतून नुकत्याच घरी येऊन इफ्तारीची भजी करायला घेतली होती, पाच वाजून दहा मिनिटं झाली असतील. फोन वाजला.

“सहासष्ट,” हे म्हणाले.

आम्ही गॅस बंद केला. “पाणी घेतलं?”

“पोऱ्या ढवळतोय.”

“फोन ठेवू नका. प्या.”

पिताना आवाज ऐकू आला. मग पंधरा मिनिटं आम्ही दोघं फोनवर तसेच बसलो, यांनी जळालेल्या एका मोटारीबद्दल सांगितलं, आम्ही भज्यांच्या पिठात मीठ जास्त झाल्याचं. आकडा 98 आला.

“इफ्तारला मी बसू ना तुमच्यात?” यांनी विचारलं.

“लवकर या,” आम्ही म्हटलं. “काकूंकडे ताट द्यायला तुम्हीच जायचंय.”