कचेरींतील पर्जन्यमापक

आमच्या लहानपणीं वडूजच्या मामलेदार कचेरीच्या आवारांत, तारेच्या कुंपणाआड, पाऊस मोजण्याचें एक यंत्र असे. यंत्र कसलें, एक नरसाळें, त्याखालीं बाटली आणि जवळ मापाचा पेला. सकाळीं साडेआठच्या ठोक्यास एक कारकून येई, बाटलींतलें पाणी पेल्यांत ओती आणि आंकडा वहींत टिपी. बहुतेक दिवशीं टिपण्याजोगें कांहीं नसे. तरीही तो नेमानें येई. १९४२ च्या ९ सप्टेंबरला याच कचेरीवर मोर्चा आला आणि गोळ्या झेलून माणसें पडलीं, हें आम्हांस मास्तरांनीं सांगितलें होतें. नरसाळ्यालाही कांहीं इतिहास असेल, हें मात्र कोणाच्या मनांत आलें नाहीं.

एकाच जिल्ह्यांत महाबळेश्वरीं २०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो आणि सह्याद्रीनें ढग वरच्यावर रिते केल्यावर माण-खटावच्या वांट्यास वीसएक इंच उरतो. कधीं तोही उरत नाहीं. महाबळेश्वरास अर्ध्या इंचाची चूक कोण विचारतो? आमच्याकडे त्या अर्ध्या इंचावर पारावर भांडणें होतात.

पुढें कॉलेजांत शिकवूं लागल्यावर एका जुन्या अंकांत अण्णा मणी हें नांव वाचनांत आलें. आमच्या बाजूस अण्णा म्हणजे थोरला भाऊ. त्यामुळें कोणी टोपीवाले गृहस्थ असतील अशा समजुतीनें आम्ही दोन पानें वाचून काढलीं. तिसऱ्या पानावर ते गृहस्थ बाई निघाले!

या बाईंचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजीं त्रावणकोरांतील पीरमेड येथें झाला. आठव्या वाढदिवशीं घरच्या रीतीप्रमाणें हिऱ्यांचीं कुडीं देऊं केलीं, तेव्हां मुलीनें तीं नाकारून विश्वकोशाचे खंड मागितले. हिरे पुढें हातीं आलेच, परंतु बंगळुरास, सर चंद्रशेखर रामन यांच्या प्रयोगशाळेंत, त्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट तपासण्यासाठीं. एकेका छायाचित्रास पंधरा-वीस तास लागत. बाई कित्येकदां रात्रभर तेथेंच असत. १९४५ सालीं प्रबंध सादर झाला. बाईंनीं एम्. एस्‌सी. ची पदवी घेतलेली नाहीं, एवढ्या कारणावरून मद्रास विद्यापीठानें डॉक्टरेट नाकारली. आम्ही जन्मभर परीक्षांच्या कारभारांत वावरलों आहों, तेव्हां नियमाचें महत्त्व जाणतों. पण हा नियम वाचून आम्हांलाही आमच्या धंद्याची लाज वाटली.

त्याच वर्षीं त्या शिष्यवृत्तीवर विलायतेस गेल्या. मनांत पदार्थविज्ञान होतें, परंतु शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांसाठीं. १९४८ सालीं परतून त्या पुण्याच्या हवामानखात्यांत रुजू झाल्या. तेव्हां बहुतेक उपकरणें परदेशांतून आणावीं लागत. बाईंनीं सुमारें शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे करविले आणि तीं येथेंच घडूं लागलीं. चुकीच्या मापापेक्षां माप नसलेलें बरें, हा त्यांचा आग्रह. १९५३ सालीं त्यांच्या हाताखालीं १२१ पुरुष काम करीत होते. १९५७-५८ च्या भूभौतिक वर्षांत त्यांनीं सूर्याची उष्णता मोजणारीं केंद्रें देशभर उभारलीं. १९७६ सालीं त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनीं वाऱ्याचीं मोजमापें हातीं घेतलीं. देशांतील वाऱ्याच्या ऊर्जेवरचा त्यांचा ग्रंथ १९८३ सालचा. चाळकेवाडीच्या पठारावर आज पवनचक्क्या फिरतात. कोठें वारा पुरेसा आहे, हें कोणीतरी आधीं वर्षानुवर्षें मोजावें लागतें. स्त्री म्हणून आपलें वेगळें कौतुक व्हावें, हें मात्र त्यांना रुचत नसे. २००१ च्या ऑगस्टांत त्या वारल्या.

आतां जें सांगावयाचें तें सांगण्यास थोडा संकोच वाटतो. तें पान वाचण्याच्या पुष्कळ आधीं, वडूजचे एक परिचित आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले होते. मुलगी पदार्थविज्ञानांत पहिली आलेली. तिला हवामानशास्त्र शिकावयाचें होतें. "सर, तुम्हीच समजवा हिला," असें ते म्हणाले आणि आम्हीही समजाविलें. रात्रपाळी असते, दूरच्या ठाण्यावर बदली होते, सगळा पुरुषांचा कारभार, त्यापेक्षां बी. एड्. बरें. मुलगी एक शब्द बोलली नाहीं, तेव्हां तिला पटलें असेंच आम्ही समजलों. ज्या पुण्यांत आम्ही पदवी घेतली त्याच पुण्यांत एक बाई तो सगळा कारभार चालवून निवृत्तही झाल्या होत्या, हें आमच्यासारख्या शिकलेल्या माणसास ठाऊक नसावें!

गेल्या पावसाळ्यांत वडुजास गेलों असतां तिची गांठ पडली. ती शाळेंत विज्ञान शिकविते. शाळेच्या मोकळ्या पटांगणांत तिनें पर्जन्यमापक बसविला आहे आणि मुलींकडून रोजची नोंद ठेविते. आम्ही त्या जुन्या सल्ल्याचा विषय काढला. "तुम्हांला तेव्हां तसें वाटलें, सर," एवढेंच ती म्हणाली आणि पेला आमच्या हातीं दिला. आम्ही उभ्यानेंच वांकून आंकडा वाचला, तेरा मिलिमीटर.

"खालीं बसून बघा, सर. डोळा पाण्याच्या पातळींत आणा."

गुडघे कुरकुरले, पण बसलों. बारा होते. तिच्या विद्यार्थिनीनें वहींत बारा लिहिले.