नियम कोणी मोडला?

वर्ध्याजवळच्या सावंगीची सकाळ तर्री-पोह्यांच्या टपरीवर सुरू होते. यवतमाळ-चंद्रपूरकडून आलेले पेशंट, डबा घेऊन आलेले नातेवाईक, अर्धवट झोपेतले इंटर्न, सगळे एकाच बाकावर. समोरच्या दवाखान्याला नाव विनोबांचं; १९५० साली पवनारला पैशाशिवाय जगायचा, कांचनमुक्तीचा प्रयोग करणाऱ्या माणसाचं. बाकावर विषय पगाराचा, पीजीच्या सीटचा, हप्त्यांचा. मला त्यात वावगं वाटत नाही. हप्ते मलाही आहेत.

सेवाग्रामला गेलो की मात्र हरमान कालेनबाख आठवतो. हा गांधींचा ज्यू मित्र, वास्तुविशारद. १९१० साली जोहान्सबर्गजवळची अकराशे एकर जमीन त्यानं सत्याग्रहींना बिनभाड्यानं दिली आणि टॉलस्टॉय फार्म उभं राहिलं. पुढे मित्राला भेटायला तो वर्ध्यालाही आला. त्याची ओढ पॅलेस्टाइनची, त्यावर गांधींशी त्याचं पटलं नाही. त्याची रक्षा देगानियात आहे.

देगानिया हा तिथला पहिला किबुत्झ, म्हणजे सामुदायिक वस्ती, तोही १९१०चाच. जमीन सगळ्यांची, कमाई एका थैलीत, जेवण एका पंगतीत. अशा वस्त्यांनी देव बाजूला ठेवला, सण ठेवले. पेसाह सणाच्या पोथ्या स्वतःच नव्यानं लिहिल्या. शावुओत सणाला पहिल्या पिकाची मिरवणूक शेतातूनच काढली. २००७ साली देगानियाच्या सभासदांनी मतदान करून समान वाटणीही सोडली. आदर्श बुडाला, म्हणून हळहळणारे पुष्कळ. मला त्या सभासदांचा रोखठोकपणा आवडतो: नियम झेपेना, तर तो उघडपणे बदलला.

सेवाग्रामला आपण बापूकुटीचे कवेलू जपले, भिंतीवर गांधींच्या शिष्या मीराबेननं मातीत उठवलेली ताडाची झाडं जपली, पिंपळाखालची प्रार्थना जपली. आपलं काम आपण करायचं, गरजेपुरतंच घ्यायचं, हे मात्र कोणत्याही सभेत न ठरता सुटून गेलं. त्याची जबाबदारी कोणावरच नाही.

पवनारचं विनोबांचं ब्रह्मविद्या मंदिर वेगळं. १९५९पासून तिथल्या भगिनी श्रम करून एकत्र राहतात, निर्णय सर्वानुमतीनं घेतात. एकीलाही पटलं नाही तर थांबतात. सावंगीहून ते काही फार लांब नाही. गेलात तर धाम नदीतली गांधींची स्मारक-छत्री पाहून परतू नका. आज स्वयंपाकघरात पाळी कोणाची, ते विचारा आणि भाजी निवडायला बसा.